वीज माणूस निवडीत नाहीं

मृगाच्या तोंडाशीं अथवा परतीच्या पावसांत आमच्या वऱ्हाडांत कोणी शेतकरी किंवा मजूर वीज पडून दगावला कीं, पारावर जमलेल्या मंडळींचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: "तो पायाळू होता काय?" जन्मतांना ज्याचें डोकें आधीं न येतां पाय आधीं आले तो पायाळू, आणि पायाळू माणसास वीज ओढून घेते, ही समजूत लोणार तालुक्यांतील आमच्या बीबीच्या शिवारांत जशी ऐकूं येते तशीच ती देशावर व कोंकणांतहि ऐकूं येते. ज्या घरांत असें मूल असतें त्या घरचीं वडील माणसें ढग गडगडूं लागतांच त्यास हांका मारून आंत बोलावतात. त्याच्या भावंडांविषयीं तितकी काळजी कोणास वाटत नाहीं; तीं पायाळू नाहींत ना!

ही समजूत निरुपद्रवी आहे, तिच्याकडे हंसून दुर्लक्ष करावें, असें शिकलेल्या लोकांपैकीं पुष्कळांस वाटतें. आम्ही त्या मताचे नाहीं. या एका शब्दानें दोन अन्याय होतात. जो मेला त्याच्या मरणाचा दोष त्याच्या जन्मावर टाकला जातो, आणि मागें राहिलेल्या आईस तो बोल मुकाट्यानें सोसावा लागतो. जे जिवंत आहेत त्यांस, आपण पायाळू नाहीं म्हणून आपणांस भय नाहीं, असा खोटा धीर मिळतो. व पुढच्या वळवाच्या वेळीं तेच लोक त्याच बांधावरील त्याच बाभळीखालीं जाऊन उभे राहतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं भारतांत नैसर्गिक कारणांनीं जे ८,०६० अपघाती मृत्यु नोंदले गेले त्यांपैकीं २,८८७ एकट्या विजेचे होते. पूर, ऊन, थंडी यांपैकीं कोणत्याहि एका कारणानें इतकीं माणसें गेलीं नाहींत. पूर्ण दिवस भरलेल्या शंभर बाळंतपणांत पायांकडून अथवा कुल्ल्यांकडून येणारीं मुलें तीन-चारच असतात. तेव्हां हे सगळे मृत्यु त्या तीन-चारांच्या वाट्यास गेले असें मानण्यास कोणता हिशेबी मनुष्य तयार होईल?

वीज खरोखर कोणास ओढिते, हा प्रश्न पारावरून उचलून शाळेच्या टेबलावर आणला पाहिजे, असें आमचें म्हणणें आहे. त्यास लागणारें साहित्य प्रत्येक घरांत आहे: प्लॅस्टिकची एक फणी, कागदाचे कपटे, दोन फुगे व थोडा दोरा. मात्र हा प्रयोग पौष-माघांत, हवा कोरडी असतां करावा. पावसाळ्यांत प्रत्येक वस्तूवर ओलाव्याचा अदृश्य थर बसतो व त्या वाटेनें विद्युत् निसटून जाते. मग गुरुजी फणी घासून घासून थकतात, कपटे हालत नाहींत, आणि वर्ग मनांतल्या मनांत ठरवितो कीं पुस्तकांत लिहिलेलें सर्व परीक्षेपुरतेंच खरें असतें. क्रमिक पुस्तकांतील धडा जुलैंत आला म्हणून प्रयोगहि जुलैंतच करावा, असा कांहीं नियम नाहीं.

कोरड्या, तेल न लावलेल्या केसांवरून फणी दहा-बारा वेळां फिरवून ती कपट्यांजवळ न्यावी. कपटे टुणकन उडून तिला चिकटतात. सगळी पृथ्वी त्यांस खालीं ओढीत असतां एक लहानशी फणी त्यांस वर उचलते, हें कौतुक मुलांस ठाऊक असतें, व बहुतेक तेथेंच थांबतात. विद्यार्थिमित्रहो, तेथें थांबूं नका. थोडा वेळ टक लावून पाहा. चिकटलेल्या कपट्यांपैकीं एखादा एकाएकीं, कोणीं टिचकी मारावी तसा, फणीपासून दूर फेकला जातो. ज्या फणीनें त्यास जवळ ओढलें तिनेंच त्यास आतां लोटून दिलें. आमच्या मतें पहिल्या गोष्टीहून ही दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे, कारण 'ओढणें' हा वस्तूचा जन्मजात स्वभाव नव्हे, तो परिस्थितीप्रमाणें पालटतो, हें ती डोळ्यांसमोर दाखवून देते.

याचें कारण असें. प्रत्येक वस्तूंत धन आणि ऋण अशा दोन प्रकारचे विद्युद्भार असतात, व ते एरवीं इतके तंतोतंत समान असतात कीं बाहेरून कांहींच कळत नाहीं. घासल्यानें केसांतील कांहीं इलेक्ट्रॉन, म्हणजे ऋणभार वाहणारे अतिसूक्ष्म कण, फणीवर जातात. फणी ऋणभारित होते, केस धनभारित होतात. सजातीय भार एकमेकांस लोटतात, विजातीय भार एकमेकांस ओढतात. म्हणून केस फणीकडे झेंपावतात आणि त्याच वेळीं एक केस दुसऱ्या केसापासून फटकून उभा राहतो. कागदाचा कपटा घासलेला नसतो, तरी तो कां ओढला जावा? ऋणभारित फणी जवळ येतांच कपट्यांतील ऋणभार किंचित् मागें सरकतो आणि फणीकडील बाजू किंचित् धन होते. धन बाजू जवळ, ऋण बाजू दूर. फ्रान्समधील कूलोम यानें १७८५ सालीं पिळाच्या तराजूनें मोजून दाखविलें कीं दोन भारांतील अंतर दुप्पट झालें म्हणजे त्यांच्यामधील जोर एकचतुर्थांश होतो. म्हणून जवळच्या बाजूचें आकर्षण दूरच्या बाजूच्या अपसारणावर मात करतें व कपटा उडतो. फणीस टेंकल्यावर तिच्यावरील थोडा ऋणभार तो स्वतः घेतो, दोघे सजातीय होतात, आणि लोटालोटी सुरू होते.

दोन फुगे लोकरीच्या कापडावर घासून शेजारीं-शेजारीं दोऱ्यानें टांगावे. ते तोंडें फिरविलेल्या भाऊबंदांप्रमाणें दूर दूर राहतात. रेशमावर घासलेली कांचेची नळी त्यांपैकीं एकाजवळ नेली तर तो तिच्याकडे धांवतो. विद्युतेचे असे दोनच प्रकार आहेत, तिसरा नाहीं, हें १७३३ च्या सुमारास द्यु फे यानें ओळखलें. त्यांस धन आणि ऋण हीं नांवें बेंजामिन फ्रँकलिन यानें दिलीं. पुढें १८९७ सालीं जे. जे. टॉमसन यानें इलेक्ट्रॉनचा शोध लावला तेव्हां तो ऋण बाजूचा निघाला. नांव आधीं ठेवून बाळ मागाहून पाहण्याचाच हा प्रकार झाला.

येथें एक घोटाळा दूर केला पाहिजे. लोणार आमच्यापासून फार दूर नाहीं, आणि तेथील मोठ्या मारुतीची मूर्ति लोहचुंबकाच्या दगडाची आहे असें सांगतात. काळ्या जमिनीवरून लोहचुंबक ओढीत नेला तर त्यास काळे कण चिकटतात, हा खेळ आमचीं मुलें नित्य खेळतात. ते कण आपल्या काळ्या फत्तरांतून झिजून आलेल्या लोहखनिजाचे होत. त्यामुळें 'ओढणारी शक्ति' म्हटली कीं मुलांच्या मनांत चुंबकच येतो. परंतु चुंबक लोखंडासारख्या मोजक्या धातूंस ओढतो, त्यास घासावें लागत नाहीं, व ओल्या हवेचें त्यास भय नसतें. घासलेली फणी कागद, भुसा, कापूस, धूळ, फार काय नळाची बारीक धारहि आपल्याकडे ओढते. १६०० सालीं इंग्लंडांतील वैद्य विल्यम गिल्बर्ट यानें ह्या दोन शक्ति वेगळ्या आहेत हें आपल्या ग्रंथांत स्पष्ट केलें. घासलेल्या राळेच्या मण्यास ग्रीक लोक जें नांव देत त्यावरून त्यानें या शक्तीचें नांव पाडलें; आणि आमच्या संस्कृत भाषेंत त्याच मण्यास 'तृणमणि', म्हणजे गवताची काडी ओढून घेणारा मणि, असें म्हणतात. शब्द आमच्या घरांत होता. तो मणि काडीच कां ओढतो, आणि ओढून पुन्हां कां फेकतो, हें विचारण्याची संवय मात्र आम्हांस लागली नाहीं, याचें आम्हांस वाईट वाटतें.

आतां फणीच्या जागीं ढग घ्या. उन्हाळ्याच्या अखेरीस तापलेली हवा वेगानें वर चढते व दहा-बारा किलोमीटर उंचीचे ढग उभे राहतात. त्यांत हिमाचे हलके स्फटिक वर जात असतात व गारांचे मऊ, जड कण खालीं येत असतात. दोघांची टक्कर होते, भार इकडून तिकडे जातो, आणि ढगाचा माथा धन व तळाचा बराचसा भाग ऋण होतो. फणीखालीं कपट्याचें जें झालें तेंच आतां ढगाखालील जमिनीचें होतें. जमिनींतील ऋणभार दूर लोटला जातो, व पृष्ठभाग, त्यावरील झाड, देवळाचा कळस, विजेचा खांब आणि मोकळ्या वावरांत उभा असलेला मनुष्य, सर्व धनभारित होतात. जी वस्तु उंच आणि टोंकदार असेल तिच्या अग्राशीं हा ताण सर्वांत अधिक असतो. ढगांतून एक अंधुक ठिणगी पन्नास-पन्नास मीटरांच्या टप्प्यांनीं खालीं उतरूं लागली कीं, अशा अग्रांवरून तिला भेटावयास लहान ठिणग्या वर निघतात. जिची गांठ आधीं पडली तिच्या वाटेनें सारा प्रवाह कोसळतो. तो प्रवाह सामान्यतः तीस हजार अँपिअर इतका असतो, व त्या वाटेवरील हवा क्षणार्धांत सूर्याच्या पृष्ठभागाहून सुमारें पांचपट तापते. ती तापलेली हवा फुटून पसरते, तो गडगडाट.

या सर्व व्यवहारांत माणसाचा जन्म कसा झाला, हा प्रश्न कोठें येतो? पायाळूच्या शरीरांतहि धन आणि ऋण भार समसमानच असतात. त्याची बेरीज शून्य, त्याच्या भावाचीहि शून्य. ढगास दिसतें तें एवढेंच कीं सपाट वावरांत उंच काय आहे. नांगरलेल्या शेतांत उभा असलेला मनुष्य हा तेथला कळस असतो. आणि तो झाडाखालीं धांवला तर कळस सोडून कळसाच्या पायथ्याशीं जातो, जें बहुतेक तितकेंच वाईट. झाडावर पडलेली वीज खोडांतून उतरतां-उतरतां जवळच्या माणसाच्या अंगावर उडी घेते, कारण लांकडापेक्षां ओलें मानवी शरीर तिला सोईची वाट देतें. जमिनींत शिरल्यावर ती चोहोंकडे पसरते, व एका पायांतून चढून दुसऱ्या पायांतून उतरते. गुरांचे पुढचे व मागचे पाय लांब लांब असतात, म्हणून एकाच झाडाखालीं बांधलेलीं चार-चार जनावरें एकदम मरतात. थेट अंगावर वीज पडून मरणारे थोडे. झाडाजवळ अथवा पडल्या जागेच्या आसपास असल्यामुळें मरणारे पुष्कळ. बैल पायाळू होता काय, असें कोणी विचारीत नाहीं, हें त्यांतल्या त्यांत बरें.

असल्या समजुती आमच्याच देशांत आहेत असें मात्र कोणीं समजूं नये. यूरोपांत शेंकडों वर्षें वादळ आलें कीं देवळांच्या मनोऱ्यांतील घंटा वाजवीत. त्या नादानें वीज दूर पळते असा विश्वास होता. १७८४ सालीं म्यूनिक येथें प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकांत असा हिशेब दिला होता कीं तेहतीस वर्षांत ३८६ मनोऱ्यांवर वीज पडली आणि ओल्या दोराला धरून घंटा वाजविणारे १०३ लोक मेले. गांवांतील सर्वांत उंच जागीं, ओला दोर हातांत धरून उभें राहणें हीच त्या बिचाऱ्यांची चूक. पण ती चूक त्यांच्या कामाची होती, त्यांच्या जन्माची नव्हे. सुशिक्षितांनीं आपलीहि एक नवी पायाळू कथा तयार केली आहे. खिशांत मोबाईल होता म्हणून वीज पडली, असें आजकाल सर्रास बोललें जातें. खिशांतील मोबाईल विजेला ओढीत नाहीं. चार इंचांच्या वस्तूनें माणसाची उंची वाढत नाहीं. घरांत भिंतीच्या तारेला जोडलेलीं यंत्रें वादळांत हाताळूं नयेत हें खरें, परंतु तें तारेमुळें. एक कारण सोडून दुसरें तितकेंच निराधार कारण धरणें ही प्रगति नव्हे, आणि मोबाईलवर दोष टाकणाऱ्या पदवीधरास पारावरच्या म्हाताऱ्यास हंसण्याचा कांहीं अधिकार नाहीं.

लोटण्याचा नियम ध्यानांत ठेवला तर आसरा कोठें घ्यावा हेंहि कळतें. धातूच्या बंद पेटीवर भार दिला तर सजातीय भार एकमेकांस शक्य तितके दूर लोटतात व सर्वच्या सर्व बाहेरच्या पृष्ठभागावर जातात. आंत कांहीं उरत नाहीं. मायकेल फॅरडे यानें १८३६ सालीं बारा फूट लांब-रुंद-उंच पिंजरा करून, बाहेरून ठिणग्या उडत असतां स्वतः आंत बसून ही गोष्ट सिद्ध केली. आमची लाल एस.टी. गाडी ही अशीच एक पेटी आहे. खिडक्या लावून, लोखंडास न टेंकतां आंत बसलेला उतारू वादळांत सुरक्षित असतो. उघडा ट्रॅक्टर, मोटारसायकल, चारहि बाजूंनीं मोकळें असलेलें पत्र्याचें छप्पर, हीं मात्र पेटी नव्हेत. आणि हीच ओढ मनुष्याच्या उपयोगीहि पडते: अकोला जिल्ह्यांतील पारस येथील औष्णिक विद्युत्केंद्रासारख्या ठिकाणीं धुरांतील राखेच्या कणांस भार देऊन विरुद्ध भाराच्या पत्र्यांकडे ओढून घेतात, म्हणून ती सगळी राख आसपासच्या शेतांवर पडत नाहीं. पण तो विषय वेगळा, आणि आमच्या शिवारांतील निकड दुसरी आहे.

पालकबंधुभगिनींनो, ही निकड तुमच्या हातची आहे, म्हणून थोडें स्पष्ट बोलतों. सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत ढग आले म्हणजे 'एवढा पट्टा होऊं द्या' असें म्हणून मजुरांस वावरांत थांबविण्याची रीत आम्हीं पाहिली आहे. माल भिजेल ही चिंता खरी आहे, आम्ही ती हलकी मानीत नाहीं. परंतु चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकूं येईपर्यंत आंकडे मोजावे. तीन सेकंदांस एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आंत आवाज आला तर ढग दहा किलोमीटरांच्या आंत आहे, व त्या क्षणीं काम थांबलें पाहिजे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास लोटल्यावांचून तें पुन्हां सुरू करूं नये. मजूर आपण होऊन काम सोडणार नाहीं, त्यास रोज बुडण्याची भीति असते; म्हणून हा शब्द मालकानें काढावयाचा असतो, आणि त्या अर्ध्या तासाचा रोजहि त्यानेंच सोसावा असें आम्हांस वाटतें. पुणें येथील भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेनें केलेलें 'दामिनी' नांवाचें ॲप आपल्या सभोंवार वीस व चाळीस किलोमीटरांच्या टापूंत वीज कोठें पडत आहे याची सूचना देतें. ज्या मोबाईलवर उगाच दोष टाकला जातो तोच येथें रक्षणाचें साधन होतो. पक्कें घर जवळ नसेल, गाडीहि नसेल, तर झाडापासून दूर, सखल जागीं, पाय एकमेकांस चिकटवून उकिडवें बसावें, आडवें पडूं नये, व चौघांनीं एकत्र न बसतां अंतर ठेवून बसावें. हा उपाय अगदींच निरुपाय झाल्यावरचा आहे. त्यानें धोका कमी होतो, नाहींसा होत नाहीं.

शाळांकडेहि आमचें एक मागणें आहे. 'सजातीय भार अपसारण करतात, विजातीय भार आकर्षण करतात' हें वाक्य आठव्या-दहाव्या इयत्तेंतील मुलें धडाधड म्हणून दाखवितात, आणि त्याच दिवशीं घरीं जातांना पाऊस लागला तर लिंबाखालीं उभीं राहतात. ज्या ज्ञानानें पाय दुसरीकडे वळत नाहींत त्यास गुण द्यावे, परंतु त्यावर समाधान मानूं नये. माघांत फणीचा प्रयोग, आणि जून उजाडण्यापूर्वीं त्याच मुलांकडून आपापल्या घरच्या मंडळींसमोर तोच प्रयोग पुन्हां करविणें, यास दमडीचा खर्च नाहीं. आजीच्या हातांत फणी देऊन कपटा उडवून दाखविला, उडालेला कपटा परत लोटला जातांना दाखविला, तर पायाळूची गोष्ट तिच्याशीं बोलावयास जागा मिळते. नुसतें 'ही अंधश्रद्धा आहे' म्हटल्यानें ती मिळत नाहीं.

त्याच तासांत आणखी एक गोष्ट शिकवावी. वीज पडलेल्या माणसास शिवूं नये, त्याच्या अंगांत वीज भरलेली असते, असें लोक समजतात व भोंवतीं उभे राहून पाहतात. छत्तीसगड व झारखंडकडे कोठें कोठें अशा माणसास शेणांत पुरून ठेवतात, म्हणजे अंगांतील वीज जमिनींत उतरेल. पण ती आधींच जमिनींत गेलेली असते. त्याच्या अंगांत विद्युद्भार मुळींच उरत नाहीं, आणि त्यास हात लावल्यानें कोणासहि धक्का बसत नाहीं. बहुधा त्याचें हृदय किंवा श्वास बंद पडलेला असतो, व तो वेळेवर चालू केला तर मनुष्य वांचूं शकतो. त्यास लागलीच धोक्याच्या जागेपासून हलवावें, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी, श्वास नसेल तर छातीच्या मध्यभागीं दोन्ही तळहात ठेवून मिनिटास शंभर ते एकशें वीस वेळां जोरानें दाबावें, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत आळीपाळीनें दाबीत राहावें.